शेवटच्या कडव्यातलं नाव

धुरपताबाईच्या ट्रंकेत लुगडी दोन आणि कार्यक्रमपत्रिका अकरा. पाहुणा आला रे आला की चहाच्या आधी पत्रिका बाहेर यायच्या. बघायला कंटाळा येणाऱ्या माणसाचा तिला रागच यायचा, आणि येईना का! दहा वर्षांचं तिचं गाण्याचं मंडळ होतं ते.

पहिली पत्रिका म्हणजे वहीचा फाटका कागद. बहात्तरच्या दुष्काळात रेणापूरकडच्या रस्त्यावर बौद्धवाड्यातल्या बाया खडी फोडायला जायच्या. पुढच्या एप्रिलला तिथंच, दगडांच्या ढिगापाशी, त्यांनी बाबासाहेबांची जयंती केली. निवृत्ती मास्तरांनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘महिला गायन मंडळ, गाणी चार’. खाली नावं लिहायला लागले तशी धुरपता म्हणाली, "नावं नका घालू मास्तर. नावं घातली की कोनाचं तरी ऱ्हातंय." तिचं खरं होतं. मुकादम रोज हजेरीपट पुकारायचा, आणि जिचं नाव पटावर नसेल ती आल्या पावली घरी.

चारही गाणी धुरपतानं रचलेली, हातोड्याच्या ठेक्यावर. आता गायन पार्टीची रीत अशी, की कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. गाणं कोणाचं, हे लोकांना त्यावरूनच कळतं. हिनं तिथं गुंफलं, ‘सांगती खडीवरच्या बाया’. तोच मंडळाचा कायदा झाला. पुढं चाळीस गाणी झाली, पण कुठल्याच पत्रिकेवर नाव नाही आणि कडव्यातही नाही.

बाजाची पेटी वाजवायला भुजंग, तिचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा पोरगं पाच वर्षांचं. हिनंच न्हाऊमाखू घातलं, दुष्काळात, तो शाळेत जायचा तेव्हा, खडीवर मिळणारी सुकडी निम्मी त्याच्या तोंडात घातली आणि त्याला मॅट्रिक केलं. वैनी म्हणजे त्याची आईच, असं सारा वाडा म्हणायचा.

पंचाहत्तरची पत्रिका गुलाबी कागदाची, लोह्याच्या बुद्धजयंतीची. अठ्ठ्याहत्तरची नांदेडची, ठळक छपाईची, पण तो कार्यक्रम झालाच नाही. त्या साली नामांतरावरून मराठवाड्यात आमच्या वस्त्यांवर काय गुदरलं ते कोणाला सांगायला नको. नांदेडला निघालेल्या बाया वाटेतच उतरल्या आणि दोन रात्री उसाच्या फडात बसून राहिल्या. पहिल्या रात्री मंडळातल्या मनकर्णाबाईनं धुरपताचा हात धरला होता, तो सकाळपर्यंत सोडला नाही. त्या रात्रीपासून दोघी सख्ख्या बहिणींसारख्या.

मग ब्याऐंशी साल. लातूर जिल्हा झाला. नवी हाफिसं, नव्या खुर्च्या, आणि जो तो कोणाच्या तरी ओळखीनं आत घुसून राहिलेला. भुजंगला कारकुनी लागली. महिनाभरात त्यानं मनकर्णाच्या लेकालाही शिपाई म्हणून चिकटवलं. धुरपतानं वाडाभर साखर वाटली. जिल्ह्याच्या सोहळ्यात मंडळाचं गाणं ठरलं तेव्हा तर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"वैनी, तुमचा घसा बसलाय," भुजंग म्हणाला. "पंधरा दिवस तालमीला येऊ नका. गाणं तुमचंच हाय, तुम्हाला काय तालीम लागती?"

केवढी माया, असं तिला वाटलं. घरी बसून ती ज्येष्ठमध चघळत राहिली, भोळी बाई!

पत्रिका हातात पडली ती लातूरच्या मांडवात, कार्यक्रमाला अर्धा तास राहिलेला असताना. कागद गुळगुळीत. चौथीपर्यंत शिकलेली धुरपता बोट ठेवून वाचायला लागली. ‘कवी-गायक भुजंग आणि पार्टी’. खाली बारीक अक्षरात ‘कोरस’, आणि त्यात सातवं नाव तिचं.

ती भुजंगपुढं जाऊन उभी राहिली.

"गानी कोनाची हायेत रं?"

"हळू बोला वैनी, सायेब बसलेत. कवी कोण म्हणून हाफिसात इचारलं. काय सांगू, खडीवरच्या बाया? हासले असते." मग तो खाली बघून म्हणाला, "नाव नको, हे तुम्हीच म्हणलं होतं की."

असा मेला नेम धरून मारतो! तिचाच कायदा तिच्याच गळ्यात.

"आन शेवटचं कडवं?"

"हाय तसंच हाय."

ती मनकर्णाकडं वळली. मनकर्णा पदर नीट करत राहिली. हिला कळायचं ते कळलं. बारा बाया पंधरा दिवस तालीम करून राहिल्या होत्या, आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. भुजंगचा तिला राग आला, पण मनकर्णाचं दुःख झालं. राग बरा असतो.

तरी ती मंचावर गेली. सोडते की काय! मनाशी एक ठरवलं, की कोणी काहीही म्हणो, आपण आपली खडीवरच्या बायांची ओळ म्हणायची, मोठ्यानं, साऱ्या लातूरला ऐकू जाईल अशी. मागच्या रांगेत मनकर्णाच्या शेजारी तिला उभं केलं होतं.

पुढं भुजंगनं शेवटचं कडवं उचललं, डोळे मिटून, ‘सांगतो भुजंग कविराया’. आता ती ओळ बायांनी झेलायची. धुरपतानं छातीत श्वास भरला. शेजारी मनकर्णानं भरला. दहा वर्षं हिनंच या बायांना शिकवलं होतं, की शेजारणीचा श्वास ऐकायचा, तिच्या आवाजात आवाज घालायचा, एकटीनं पुढं जायचं नाही. तेरा तोंडं एकदम उघडली.

‘सांगतो भुजंग कविराया.’

तिच्या तोंडूनही तेच निघालं. सुरात, चोख, अक्षर न चुकता. टाळ्या पडल्या. तोंडावर हात दाबून ती तशीच उभी राहिली.

मनकर्णानं पडद्याआड तिचा हात धरला. "बरं झालं बाय, तू बी म्हनलीस," ती म्हणाली. "माझ्या जिवाला लई घोर होता."

धुरपतानं हात सोडवून घेतला. आता गाणं माझं आहे म्हणून ती कुठं जाऊन सांगणार होती? साऱ्या जिल्ह्यानं तिच्याच तोंडून ऐकलं होतं.