प्रेसमधला ज्योतीराम

भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये पहिल्या पाळीची सगळी माणसं पत्र्याचे पार्ट घडवणाऱ्या प्रेसभोवती उभी होती. लिंबू फिरलं, नारळ फुटला आणि मेल्यागत पडलेली प्रेस धडधडायला लागली. माणसांनी हात जोडले. कोपऱ्यात उभी असलेली शालनबाई ट्रॉली मागं ओढून भिंतीला टेकली.

ही प्रेस तिचा नवरा ज्योतीराम चालवायचा. तो छातीत कळ येऊन गेला, मालकांनी तिला माल वाहायला घेतलं, आणि तेव्हापासून प्रेस मधेच बंद पडायला लागली. तीही नेमकी शालनबाईच्या फेऱ्या झाल्यावर. लोक कुजबुजायचे. तिनं स्वतःही ताडून पाहिलं होतं. खोटं म्हणता येत नव्हतं.

पूजेला बोलावलेले, अत्तरात न्हालेले वीजनाथ महाराज म्हणाले, "ज्योतीरामच्या आत्म्याचं आणि मशीनचं कनेक्शन जुळलंय. करंट असला की तो चिकटून बसतो, म्हणून पूजेआधी मी मेन स्विच पाडायला आणि नारळ फुटताच परत लावायला सांगतो. पण ही बाई इथं असेस्तोवर तो परत येणार."

मालक बबनरावांनी मान डोलावली. उद्यापासून शालनबाईनं येऊ नये, असं ठरूनही गेलं.

प्रेसची तक्रार बघायला आलेली इंजिनिअर आम्रपाली हे ऐकत होती. तिनं शालनबाईला रोजच्या वाटेनं ट्रॉली न्यायला सांगितलं.

"नगं पोरी. त्यो हाय आत."

"असू दे मावशी. तुम्ही या."

शालनबाई फेऱ्या मारू लागली. रबरी चटईवरून ट्रॉली जात राहिली आणि प्रेस थांबली. माणसं मागं सरकली. महाराजांनी नारळ उचलला, तोवर आम्रपालीनं मेन स्विच पाडून परत लावलाही. नारळाविनाच प्रेस चालू झाली.

मग तिनं चटई उचलली. खाली चेपलेली वायर होती, ज्योतीराम गेल्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याची.

"पार्ट नीट बसलाय का हे तपासायला कॅमेरा प्रत्येक पार्टचा फोटो तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. प्रेसमधला छोटा कॉम्प्युटर ते जुळवतो. वायर दबली की एखादा तुकडा हरवतो. कॅमेरा फोटो पुन्हा पाठवतो, पण आधीचा अर्धवट फोटो तुकड्याची वाट बघत जागा अडवून बसतो. असे साठले की नव्याला जागा नाही, आणि फोटो तपासल्याशिवाय प्रेस पुढं चालत नाही. वीज घालवली की सगळं पुसलं जातं. महाराजांचा चमत्कार तो एवढाच."

"आणि आत्मा?" बबनरावांनी हळूच विचारलं.

"सेटिंगमध्ये तर दिसला नाही, साहेब."

सेटिंग मात्र चुकीचं निघालं. अर्धवट फोटोची वाट किती बघायची, ती मुदत फार लांब ठेवलेली होती. आम्रपालीनं ती आखूड केली. वेळेत जुळलं नाही की फेकून द्यायचं. महाराज तोवर चपला शोधत होते.

शालनबाई पुन्हा ट्रॉली घेऊन निघाली. या खेपेला तिची नजर प्रेसवर होती. चाक वायरवरून गेलं, परत गेलं, पुन्हा पुन्हा गेलं. प्रेस चालतच राहिली. बबनरावांनी वायर वरून ओढून घ्यायला सांगितली, आणि शालनबाईला उद्या वेळेवर यायला.

भीती कुणालाही वाटते. पण त्या भीतीपायी कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी चटई उचलून बघावी.