अर्धा डबा पाणी

देवश्री बोलायला लागली की थांबत नाही, हे वासणा भागातल्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षापूर्वी हीच पोरगी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायची. मग तिच्या वर्गशिक्षिका नलिनीबेननी तिला एका वक्तृत्वस्पर्धेत ढकललं, ती पहिली आली, आणि तेव्हापासून काही विचारू नका.

दसऱ्यानंतरच्या फायनलसाठी तिनं विषय घेतला पणजोबांची मशीनगन. पिलाजीराव दुसऱ्या महायुद्धात बर्मात लढले होते. गन लष्कराची, ती तिकडेच राहिली. तिचा पाण्याचा पत्र्याचा डबा मात्र त्यांनी मागून घेतला, तो अजून घरात होता. खंडेनवमीला आजोबा तो आपल्या रेल्वे वर्कशॉपच्या पान्यांशेजारी पाटावर मांडत. पान्यांना हळदकुंकू, झेंडू. डब्याला काही नाही. तो नुसता काठोकाठ भरायचा, आणि त्या दिवशी दारी येईल त्याला, अगदी कुरियरवाल्यालाही, आजोबा पाणी विचारायचे.

यंदा फोटोसाठी देवश्रीनं डब्यालाही कुंकू लावलं.

"आजोबा, ऐका ना. नळीभोवती चार लिटर पाणी. सलग गोळ्या झाडल्या की ते मिनिटांत उकळायचं. वाफ रबरी पाइपातून या डब्यात, थंड झाली की पाणी परत गनमध्ये. पाणी आहे तोवर हे यंत्र थांबत नाही. कसं वाटतं?"

"बरोबर आहे. भरवशाचं मशीन होतं," आजोबा म्हणाले. मग त्यांची नजर डब्यावर गेली. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी कुंकू पुसलं, पार डाग जाईपर्यंत.

"पुढं काय आहे भाषणात?"

"पुढं मुकुंदराव. नलिनीबेनचे आजोबा. पणजोबांच्या गनमध्ये गोळ्यांचा पट्टा सरकवता सरकवता गोळी लागली आणि जागच्या जागी गेले. बेननी स्वतः लिहून दिलंय. त्यांचा फोटोपण आणणार आहेत."

आजोबा पाटाशेजारी खालीच बसले.

"जागच्या जागी नाही गेला गं तो. मांडीला लागली होती. सकाळपासून पाणी मागत होता. डबा अर्धा उरलेला, ओढ्यापर्यंत जायची सोय नाही, आणि गन उकळत होती. बाबांनी डबा गनमध्ये रिकामा केला. मुकुंद बघत होता."

"मग?"

"मग काय. गन संध्याकाळपर्यंत चालली. मुकुंद दुपारीच संपला."

"पण गन थांबली असती तर सगळेच..."

"मेले असते. बाबाही तेच म्हणायचे. दर वेळी म्हणायचे, कुणी विचारलं नाही तरी." त्यांनी डब्याच्या काठावरून बोट फिरवलं. "घरी येऊन त्याच्या बायकोला सांगितलं, कळलंसुद्धा नाही त्याला. माझ्याच्यानंही सांगवलं नाही. दर दिवाळीला नलिनीच्या घरी फराळ घेऊन जातो नि तोंडात चकली कोंबून परत येतो."

देवश्रीला हसू आलं नाही. "मी काय करू?"

"मला नको विचारू. तुला बोलता येतं, मला येत नाही."

फायनलच्या दिवशी टेबलावर डबा होता आणि शेजारी फेटा बांधलेल्या मुकुंदरावांचा फोटो, नलिनीबेननी ताजा हार घातलेला. त्या पहिल्याच रांगेत होत्या. भाषण त्यांना इतकं पाठ होतं की देवश्रीबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. सकाळी तिनं दोनदा त्यांना गाठलं होतं, आणि दोन्ही वेळा "बेन, माइक चेक झाला का?" एवढंच विचारून आली होती.

पाणी, वाफ, पाइप, सगळं झालं. टाळ्याही पडल्या. आता मुकुंदराव.

देवश्री थांबली. सभागृहात कुणीतरी खोकलं. तिला वाक्य येत होतं. चांगलं वाक्य होतं, त्यावर नंबर नक्की होता.

"बेन," ती माइकमध्येच म्हणाली, "हे तुम्हाला आधी एकटीला सांगायला हवं होतं. मला जमलं नाही. मुकुंदरावांना पाणी हवं होतं. डब्यात अर्धं होतं."

नलिनीबेनचे ओठ अजून जुन्याच वाक्यावर हलत होते. जागच्या जागी, इथपर्यंत ते आले. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, आणि डब्याकडे.