बांध पेटवला कुणी?

“आवं, तिकडं कडूबाच्या माथी आग मारायलेत, अन् तुमच्या घशाखाली भाकर उतरती तरी कशी?” चतुराबाई उंबऱ्यातूनच कडाडली.

पुंजारामनं मान वर केली नाही. “गप बस. पंचनामा व्हईल, वनखात्याच्या मॅडम निघून जातील. दरसाल व्हतंय.”

दरसाल होतंय! या दोन शब्दांनी आपल्या डोंगरांची जेवढी राख केली, तेवढी काडेपेटीनंही केली नसेल. कन्नडजवळच्या या डोंगरालगतच्या गावात फाल्गुन आला की बांध पेटवायची जुनी रीत. काटेरी झुडपं जातात, घुशी पळतात, आणि पावसात म्हणे गवत जोमानं फुटतं. पूर्वी घरातली चार माणसं ओले डहाळे घेऊन चार बाजूंना उभी राहत. आता पुंजारामचा मुलगा सार्थक शेंद्र्याच्या कंपनीत आणि शेजाऱ्यांची पोरंही शहरात. मागे राहिली ती म्हातारी माणसं.

काल भर दुपारी पुंजारामनं एकट्यानंच बांध पेटवला. खाली नांगरट आहे, आग जाणार कुठं, असं म्हणून तो लिंबाखाली भाकर खायला बसला. खाली नांगरट होती हे खरं, पण वरच्या अंगाला डोंगर होता! वारं फिरलं आणि त्यानं पाण्याचा तांब्या उचलेपर्यंत आग चढणीला लागली. दुष्काळ म्हणून गावानं ग्रामसभेत ठरवून डोंगरावरचं गवत राखलं होतं, चैत्र-वैशाखात कापून जनावरं जगवायला. संध्याकाळपर्यंत त्यातली काडीही उरली नाही. विझवायला सगळ्यांत आधी धावला तो शेळ्या राखणारा कडूबा. पळसाच्या डहाळ्यानं झोडपता झोडपता त्याचे दोन्ही हात भाजले. आणि गावानं बोट दाखवलं ते त्याच्याकडंच. कारण काय, तर तो डोंगरावर असतो आणि बिडी ओढतो!

चतुराबाईला नवऱ्याची चीड होतीच, त्याहून जास्त स्वतःची होती. चुलीजवळची काडेपेटी तिनंच त्याच्या हातात दिली होती, “उरकून टाका एकदाचं” म्हणून.

“म्या बी दोषी हाये,” ती म्हणाली, “पर त्या गरिबाला गुंतवून म्या गप बसणार नाय. तुमी येता, का म्या सांगू?” उत्तराची वाट न पाहता ती निघाली.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वनरक्षक तनुजा कागद घेऊन बसली होती. हातांना फडकी गुंडाळलेला कडूबा समोर मान खाली घालून उभा होता.

“याला आग लावताना कुणी पाहिलं का?” तनुजानं विचारलं.

“बघायला कशाला पायजे?” मोठा शेतकरी रामकिसन म्हणाला. “बिडीवाला माणूस. दुसरं कोण आसंल?”

“बिडी तर तुमीबी वढता, रामकिसन भाऊ!” चतुराबाई गर्दी सारत पुढं आली. “अन् हितं बांध कुणी नाय पेटवला? करा हात वर! ज्याचे हात जळले त्यालाच चोर ठरवायले? लाज कशी वाटत नाय?”

 कुणीतरी पुटपुटलं, “बांध तर आमचे बापजादेबी जाळत व्हते.”

“व्हय, जाळत व्हते. तवा वढ्याला पानी व्हतं, घरात मानसं व्हती. आता तीन साल झालं, टँकरवर जगायलो. वाळल्या डोंगराशेजारी ती रीत कशी चालंल? अन् नवं गवत फुटायला पाऊस हाये का? बी जळतंय, माती उघडी पडती, अन् पडंल तेवढा पाऊस तीच माती घिऊन जातोय. इळा घ्या की हातात! एकट्यानं व्हत नसंल तर सावडीनं कापा, आज तुझा बांध, उद्या माझा!”

“मग आग लावली कुणी, मावशी?” तनुजानं विचारलं.

चतुराबाईनं मागं पाहिलं. पुंजाराम गर्दीच्या कडेला येऊन उभा होता. तिचे ओठ हलले, पण त्याचं नाव बाहेर पडेना. तेवढ्यात कडूबानं मान वर केली आणि त्याची घाबरलेली नजर पुंजारामवर पडली.

“म्या लावली!” पुंजाराम ओरडला. “भर वाऱ्यात पेटवून भाकर खात बसलो. ह्यो मानूस माझी आग इझवीत व्हता, अन् म्या घरी जाऊन दार लावलं. मॅडम, माझं नाव लिवा!”

तनुजानं नाव लिहिलं. खरं बोलल्यानं गुन्हा माफ होत नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलं. पुंजारामनं मुकाट्यानं सही केली आणि कडूबापुढं हात जोडले.

“माफीचं नंतर बघू, पुंजाभाऊ,” कडूबा म्हणाला. “सकाळपून शेळ्या पान्याविना बांधल्यात. ह्या हातानं मला दावं सुटंना.”

पुंजाराम त्याच्या गोठ्याकडं धावत सुटला. रामकिसन चतुराबाईजवळ आला. हळूच म्हणाला, “वयनी, उद्या इळा माझ्या बांधापासून धरू.”

वाचकहो, वणवा आभाळातून पडत नाही. तो आपल्यापैकीच कुणाच्या तरी आळसातून निघतो आणि साऱ्या गावाचा चारा खाऊन जातो. बांध पेटवू नका. विळा घ्या, शेजाऱ्याला हाक मारा. आणि चूक झालीच, तर आपलं नाव आपणच सांगा. तुमची आग विझवताना पोळलेल्या माणसाला तरी गुन्हेगार करू नका!