वाळूतलं माप

गादीवाल्याने जुन्या सीटची शेवटची पिन पक्कडीने उपसली आणि फाटकं रेक्झिन सोलून बाजूला टाकलं. आतला फोम पुढच्या अंगाला बसका झाला होता, पिवळा पडला होता. मागचा अर्धा भाग मात्र कोरा करकरीत होता.

"आधीचा मालक एकटाच फिरायचा बघ," तो म्हणाला. "मागे कुणी बसलेलंच नाही."

"बसलं नाही तेच बरं. मागचा शॉकअप तरी शाबूत मिळाला," खुर्चीतून दादा म्हणाला. "चेनला मात्र त्याने जन्मात तेल दाखवलेलं नाही. ती बदल. आणि बदलशील तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही बदल, नाहीतर जुन्या दातांवर नवी चेन चार दिवसांत म्हातारी होते."

दादाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. सव्वीस वर्षं त्याने मोटरसायकली दुरुस्त केल्या. दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी तो स्वतः टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणायचा. शेवटचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली तरच ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात जायची. गॅरेजच्या भिंतीवर त्याने स्वतः ब्रशने रंगवलं होतं, 'हेल्मेट नाही तर चावी नाही', आणि भल्याभल्यांना त्याने त्या पाटीखालून हात हलवत परत पाठवलं होतं. धाकटा भाऊ, म्हणजे हा गादीवाला, शाळेत असताना या टाकीच्या फेऱ्यांना मागे बसायचा. दादाच्या शर्टाला ग्रीसचा वास यायचा आणि चढावर तो ओरडून विचारायचा, "आवाज ऐकतोयस ना?"

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातातून पाना पडला. तेव्हा सगळे हसले, दादाही हसला. मग तो रोज पडायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, त्याचा अर्थ एवढाच होता की स्नायू एकेक करून झिजत जाणार आणि त्यावर औषध नाही. गॅरेज गेलं. दादा चाकांच्या खुर्चीत आला आणि ती खुर्ची धाकट्याच्या सीट-गाद्यांच्या दुकानात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, खिडकीशी लागली. तिथून टाकी दिसत नव्हती, पण चढावरच्या गाड्या ऐकू यायच्या.

एके दिवशी ऐकता ऐकता तो म्हणाला होता, "एकदा टाकीपर्यंत जायला पाहिजे होतं."

पुढच्या आठवड्यात गादीवाला बारा वर्षं जुनी मोटरसायकल ढकलत दारात घेऊन आला.

आता वहिनी मापांची वही उलटी करून शेवटच्या पानावर यादी लिहायला बसली होती. काय बदलायचं, काय नवं बसवायचं, ते दादा सांगणार होता. घरात गाडीचं कळणारा तोच एक.

"लिही," दादा म्हणाला. "पहिलं, हेल्मेट. एक."

"एक कसं? दोन लागतील," गादीवाला म्हणाला.

"एक लिही. पुढे अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न काय?"

"भाऊजी, हे सांगतात ते मी लिहिते. मला नका विचारू," वहिनी म्हणाली. तिने वहीतून मान वर केली नाही.

"बरं. पण हेल्मेट शेवटी घेऊ. ती काय, तयार मिळणारी वस्तू."

"आधी घे," दादा म्हणाला.

"घेतो रे. पुढचं सांग."

पुढचं दादाने भराभर सांगितलं. दोन्ही टायर, ब्रेक शू, चेनचा सेट, क्लच केबल, हेडलाईटला चांगला बल्ब. बस्स. ज्याने गाडी चालते, थांबते आणि ज्याने पुढचं दिसतं, त्यावर खर्च करावा. बाकी सगळे थेर. गादीवाल्याची यादी वेगळीच होती. मागे उंच पाठटेका. पायांसाठी बोटभर दांडीऐवजी रुंद फळ्या. कमरेला आणि छातीला पट्टे. आणि दोन्ही बाजूंना उंच कडा असलेली मागची सीट, जिच्यात बसलेला माणूस हलणार नाही. ती तो स्वतः करणार होता.

"लग्नाला निघालीय का गाडी?" दादा म्हणाला. "नाकापेक्षा मोती जड होईल. चढावर दम सोडेल ती."

"तिसऱ्यात नाही चढली तर दुसऱ्यात चढवू."

"दुसऱ्यात गाढवंही चढतात," दादा म्हणाला. पण पाठटेक्याला त्याने नाही म्हटलं नाही.

सीटच्या बाबतीत गादीवाल्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्याची माप घ्यायची रीत त्याची स्वतःची होती. त्याच्याकडे लाकडाची एक उथळ पेटी होती, तिच्यात ओलसर वाळू. गिऱ्हाइकाने वाळूवर मेणकापड टाकून पाच मिनिटं बसायचं, उठायचं. वाळूत जे उमटेल त्यावरून तो फोम कापायचा. माणूस खोटं बोलेल, पोट आत घेईल, पण बसल्यावर वाळूला फसवता येत नाही, असं तो म्हणायचा. एका पेटीत एका वेळी एकच माप. ते कापून झालं की पट्टी फिरवून वाळू सपाट करायची, मग पुढचं गिऱ्हाईक.

दादाला त्याने आणि वहिनीने दोन्ही काखांतून धरून पेटीवर बसवलं. दादा पाच मिनिटं वाळूवर बसून राहिला आणि छताकडे बघत म्हणाला, "अंडं देऊ का?" वहिनी हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

पाठटेका वेल्डिंगवाल्याकडून यायला वेळ लागला. टायर आले, चेन आली. गादीवाला शेजारच्या मेकॅनिककडून काम करून घ्यायचा आणि दादा खिडकीतून ओरडून त्या मेकॅनिकच्या नाकीनऊ आणायचा. सीट तयार व्हायला तीन आठवडे गेले. पाठटेक्यासकट ती स्टँडवरच्या गाडीला चढवली आणि दादाला उचलून तिच्यात बसवलं, तेव्हा दोन्ही मांड्यांच्या बाहेर दोन-दोन बोटं जागा उरली होती. दादा एका बाजूला कलला. वहिनीने त्याला धरलं.

गादीवाला गोरामोरा झाला. त्याचं माप चुकत नसे.

"फोम वाईट लागला," तो म्हणाला. "दाबला गेला. या वेळचा मालच तसा आहे."

"असेल," दादा म्हणाला.

त्याने दुसऱ्या दुकानातून जाड फोम आणला, वाळू चाळून घेतली, पुन्हा माप घेतलं. मधे दोन गिऱ्हाइकांची घाईची कामं आली. वहिनी शिलाई मशीनवर कव्हरं शिवत होती.

"वहिनी, माझी टोपी कुठवर आली? डोक्याला टेप लावून माप घेतलंत, त्याला महिना होऊन गेला."

"लोकर संपली, भाऊजी," वहिनी म्हणाली आणि मशीन जोरात चालवायला लागली.

दुसरी सीट बसवली तेव्हा पुन्हा जागा उरली. या वेळी डाव्या बाजूला जास्त. गादीवाल्याने कडा दाबून पाहिल्या, खाली वाकून पत्रा पाहिला, नवं रेक्झिन ताणत असेल म्हणाला, वाळूत पाणी जास्त झालं असेल म्हणाला. फोमवाल्याच्या सात पिढ्यांचा त्याने उद्धार केला. दादा पट्ट्यांमध्ये कलंडून बसला होता आणि शांतपणे ऐकत होता.

"तुझं माप चुकत नाही रे," शेवटी तो म्हणाला.

गादीवाल्यालाही ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. माप तीन आठवडे तेवढंच राहिलं होतं आणि दादा राहिला नव्हता, झिजत चालला होता. फोमवाल्याला शिव्या घातल्या की तेवढा वेळ ते मानावं लागत नव्हतं, इतकंच. त्याला रडू आलं आणि ते लपवायला तो पेटीतली वाळू उगाचच उपसत बसला.

तिसऱ्या वेळी त्याने दुकान बंद ठेवलं. सकाळी माप घेतलं, लगेच फोम कापला, वहिनीने जेवायच्या आधी कव्हर शिवलं, आणि दिवस कलायच्या आत सीट गाडीवर चढली. दादा तिच्यात असा बसला, जणू जन्मल्यापासून तिथेच बसत होता. कुठे बोट घालायला जागा नव्हती. पायांखाली फळ्या, छातीला पट्टा, पाठीला टेका.

"हलून बघ," गादीवाला म्हणाला.

"हलता येत नाही म्हणूनच तर केलीस ना?" दादा म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "झकास झालीय."

त्या संध्याकाळी घरात तिघंही जास्त बोलली. उद्या सकाळी, रस्त्यावर वर्दळ व्हायच्या आत टाकीपर्यंत जायचं ठरलं. यादीतलं एकच काम बाकी होतं. गादीवाला वहीतलं ते पान फाडून हेल्मेट आणायला गेला.

दुकानदाराने विचारलं, "साईज?"

"कसं सांगायचं?"

"डोक्याचा घेर. सेंटिमीटरमध्ये." त्याने गळ्यातली टेप काढून गादीवाल्याच्या कपाळावरून फिरवली. "अठ्ठावन्न."

गादीवाला हातातल्या कागदाकडे बघत उभा राहिला. हेल्मेट, एक, अठ्ठावन्न. वहिनीचं अक्षर.

"एकच द्यायचं ना?" दुकानदाराने विचारलं.

"दोन द्या," तो म्हणाला. "दुसरं तुमच्याकडे सगळ्यात हलकं असेल ते."

सकाळी दादाला पट्ट्यांमध्ये नीट बसवून झालं. वहिनीने त्याचे केस मागे सारले आणि गादीवाल्याने हलकं हेल्मेट दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर उतरवलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि हात सोडले. क्षणभर दादा ताठ होता, अगदी पूर्वीसारखा. मग त्याचं डोकं हळूहळू पुढे आलं आणि हनुवटी छातीला टेकली. त्याने ते वर उचलायचा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. डोकं उठलं नाही.

"काढ," आतून आवाज आला.

गादीवाल्याने हेल्मेट काढलं. दादाला घाम आला होता.

"मागे डोक्यालाही टेका करतो," गादीवाला घाईघाईने म्हणाला. "कपाळाला पट्टा लावू. मऊ फोमचा. दोन दिवसांत करतो."

"आणि खड्डा आला की?"

"हळू जाऊ."

"हळू गेल्याने खड्डा बुजतो का?"

"मग हेल्मेटशिवाय जाऊ! एवढ्या सकाळी कोण बघतंय? टाकी काय, दोन मैलांवरही नाही."

"हेल्मेट काढलं तरी मान तीच आहे रे," दादा म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर म्हणत होतो, आधी हेल्मेट घे. तुझी मेहनत वाचली असती."

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गादीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला आणि दुसरीकडे बघितलं.

"मग बोलला का नाहीस? तीन-तीन वेळा सीट करू दिलीस."

दादाने पायांखालच्या फळ्यांकडे पाहिलं.

"तू करत होतास ना," तो म्हणाला. "मलाही वाटायला लागलं होतं."

त्यांनी त्याला उतरवून खुर्चीत बसवलं, खिडकीशी नेलं. गादीवाला खाली पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने वरून दादाचा आवाज आला, गॅरेजमधला, गिऱ्हाइकाला पिटाळणारा.

"बसून काय राहिलास? ट्रायल राहिलीय. तो टेका-बिका काढ, उगाच वजन. आणि तिसऱ्यात चढव. मी ऐकतोय."

गादीवाल्याने पाना घेतला. पाठटेका काढला, फळ्या काढल्या, पट्टे सोडले. अठ्ठावन्नचं हेल्मेट घातलं. ते त्याला अगदी नेमकं बसलं. तो गेला आणि चढाच्या पायथ्याशी तिसरा टाकून गाडी सरळ वर नेली. टाकीपाशी कुणी नव्हतं. गंजलेली शिडी होती, नळाखाली ओल होती. लहानपणी इथे थांबायची पद्धत नव्हती. वळायचं आणि परत निघायचं. तो वळला.

"चढली?" दादाने विचारलं.

"चढली."

"इंजिनातलं टॅपेट वाजतंय. शेवटच्या वळणावर ऐकलं मी. ते बघून घे," दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

दुकान उघडलं तेव्हा दूधवाला आपली फाटकी सीट काखेत मारून उभाच होता. त्याने आठ दिवस चकरा मारल्या होत्या.

"आज तरी माप घ्या माझं. बसतो मी, कुठे आहे तुमची पेटी?"

गादीवाल्याने पट्टी घेतली आणि पेटीवरचं मेणकापड उचललं. कालचं माप तसंच होतं. उजवी मांडी, डावी मांडी, डावी जरा उथळ. वाळू अजून ओलसर होती. त्याने पट्टी पेटीच्या एका कडेला टेकवली. आत खिडकीशी दादा झोपला होता, वहिनी त्याच्या मानेखाली उशी सारत होती.

त्याने पट्टी परत खिळ्याला अडकवली.

"उद्या या," तो म्हणाला. "दुसरी पेटी करून ठेवतो. ही आज रिकामी नाही."

दूधवाल्याने वाकून आत पाहिलं.

"यात तर नुसती वाळू आहे."

"हो," गादीवाला म्हणाला आणि मेणकापड पुन्हा पसरलं.