दोन दरवाजे

ऑगस्टमध्ये धरणाचे दोन दरवाजे उघडायची शिफारस क्षितिजानंच केली होती. नदीची आवक आणि जलाशयाची पातळी यांवर लक्ष ठेवणं हेच तिचं पाटबंधारे खात्याच्या शाहपुऱ्यातल्या ऑफिसातलं काम. पातळी त्या महिन्यासाठी ठरलेल्या मर्यादेवर गेली होती, शिवाय धरणाच्या वरच्या भागात मोठ्या पावसाचा अंदाज होता. खालच्या गावांना धोका नको म्हणून पाणी सोडलं, आणि पावसानं पाठ फिरवली.

आठवडे कोरडे गेले. शहराला दिवसाआड पाणी मिळणार अशी बोलणी सुरू झाली. बिट्टन मार्केटात भाजी घेताना कॉलनीतल्या सरोजताईंनी क्षितिजाच्या सासूबाईंनाच, सिंधूताईंना, विचारलं, की हातचं पाणी असं सोडून देतं तरी कोण. सिंधूताई काही बोलल्या नाहीत. शेजारी उभ्या क्षितिजाला ते गप्प राहणंच जास्त लागलं. नियमाप्रमाणे केलं हे तिला पटत होतं, पण अन्न गोड लागत नव्हतं.

सप्टेंबर सरत आला तेव्हा एका सकाळी धरणाच्या वरच्या अंगाला, नदीवरच्या पुलाजवळ मोजली जाणारी आवक चढू लागली. मोजणारं यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं तिथं नोंदी ठेवणाऱ्या श्यामला फोन लावला. "मॅडम, नदी सचमुच चढ़ रही है," तो म्हणाला. दोन दिवसांत धरण काठोकाठ आलं, आणि वरून पाणी येतच होतं.

तिचे वरिष्ठ शैलेंद्र सर टेबलापाशी आले. "बोला, काय करायचं?"

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तिचंच नाव. तिनं आवक एकदा तपासून पाहिली.

"दोन दरवाजे उघडूया, सर."

खालच्या गावांना आधी सूचना गेली, मग पाणी सोडलं. संध्याकाळी पाऊस ओसरला, तरी धरण भरलेलंच होतं. क्षितिजा खुर्चीत मागे रेलली. खांदे इतके दिवस आखडलेले होते हे तिला आत्ता कळलं.

कोलार रोडच्या घरी सिंधूताईंनी गरम वरणभात वाढला.

"त्या दिवशी बाजारात मी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही गं. सांगायचं काय, तेच ठाऊक नव्हतं. धरण भरायच्या आधीच पाणी का सोडतात?"

"येणाऱ्या पुराला जागा लागते, आई," क्षितिजा म्हणाली, आणि जेवता जेवता सगळं सांगत बसली. तिनं भात दुसऱ्यांदा घेतला.