माझ्या अंगावरची भरती-ओहोटी

मित्रांनो, चित्राखाली सही चित्रकाराची असते. पण ते चित्र आधी माझ्या अंगावर आकार घेते, हे कोणी सांगत नाही. मी संदर्भाचे फोटो टाचण्याचा एक जुना फलक आहे. महाप्याच्या एका सुताराने कपाटाच्या टाकाऊ दारावर बुचाचा थर चिकटवून मला घडवले. सीवूड्समधल्या चित्रकार क्षिप्राबाईंनी पंधरा वर्षे मला मानाने भिंतीवर मिरवले. "आधी फलक, मग रंग," असे त्या विद्यार्थ्यांना बजावत. पुढे फोटो संगणकावर जुळवण्याची सोय झाली आणि माझी रवानगी पलंगामागे झाली.

यंदा शेजारच्या करावे गावाने आपल्या सभागृहासाठी क्षिप्राबाईंकडे वीस फुटी चित्र मागितले: गावची खाडी, होड्या आणि चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका. एवढा पसारा पडद्यावर मावेना, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. क्षिप्राबाईंचे पती आशुतोषराव यांनी इंटरनेटवरून उतरवलेले चाळीस फोटो माझ्यावर टोचले. त्यांच्या जोडीला खरोखर करावे गावचा फोटो एकच होता. गावातले म्हातारे कोळी धर्मराजकाका यांच्या दिवंगत पत्नी त्यात गुडघाभर चिखलात वाकून शिंपल्या वेचत होत्या. त्यांचा दुसरा फोटोच नाही, म्हणून काकांनी तो जपून हाती दिला होता. आशुतोषरावांनी टाचणी नेमकी त्या माउलीच्या खांद्यातून घातली! शेजारी कुठल्याशा परक्या बंदरातल्या, काठोकाठ पाण्यात डुलणाऱ्या होड्या लावल्या. तीन आठवडे ही विसंगती मी अंगावर बाळगली. पण चार पावले मागे सरून मला अख्खे पाहावे, असे कोणालाही वाटले नाही. मला वाचा असती तर मी घर डोक्यावर घेतले असते!

कोळशाचे रेखाटन पुरे झाले आणि काका ते पाहायला आले.

"ताई, ही भरती हाय का सुकती?"

"सुकती म्हणजे ओहोटी ना? का हो?"

"होडी तरंगते, म्हंजे पानी भरलंय. मंग माजी बायको शिंपल्या येचते कशी? बुडाली ना ती!"

"काका, टेन्शन नका घेऊ," आशुतोषराव हसून म्हणाले. "क्षिप्रा, बायकाच काढून टाक. पाणी भारी दिसतंय."

काकांनी माझ्याकडे हात केला. "मंग आमचा फोटो द्या परत."

क्षिप्राबाई कधी नव्हे त्या मागे सरल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि त्या भरतीचा एकेक फोटो उपटून खाली टाकू लागल्या.

"अगं, वीस फूट नुसता चिखल? कोण बघणार?"

"ज्यांचे पाय त्यात रुतलेत, ते बघतील," असे म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने रेखाटनातले पाणी पुसायला घेतले. काकांनी हात मागे घेतला.

मित्रांनो, माझा संताप टाचण्यांवर नाही. टोचून घेणे हा माझा धर्मच आहे. पण कोणाच्या घरातला एकुलता एक फोटो मागून आणाल, तर तो लावण्यापूर्वी त्यातले माणूस कुठे उभे आहे ते विचारा. देखाव्याच्या हौसेपायी त्याला बुडवू नका.