एक थेंब जास्त

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याची आणि तिची जोडी होती. काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रव चंबूत सोडायचा आणि रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं, एवढंच काम. त्याच्याकडून मात्र दर वेळी एक थेंब जास्त पडायचा, रंग भडक व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

"अरे सांड्या, हात आहे की गळका नळ?" ती हसायची. तोवर बाकीचे निघून गेलेले असायचे. मग दोघं फाटकापर्यंत रमतगमत बरोबर जायची.

त्या सोमवारी ती दुसऱ्या टेबलाशी उभी दिसली.

"सरांना सांगून जोडी बदलून घेतली," ती म्हणाली. "रागावू नकोस. परीक्षेत दोघांना मिळून मार्क असतात. यंदा कमी पडले तर बाबा माझं कॉलेज बंद करणार आहेत."

"मी मुद्दाम सांडायचो," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्यासोबत जास्त वेळ मिळावा म्हणून."

"मुद्दाम? आणि मी घरी जाऊन रडायचे, की आपल्याला साधा प्रयोग जमत नाही!"

"चुकलं माझं."

"वेड्या, नुसतं थांब म्हणाला असतास, तरी थांबले असते की मी."

"मग आता म्हणू?"

तिने मान हलवून नाही म्हटलं, बाहीने डोळे पुसले आणि नव्या जोडीदारणीला म्हणाली, "नळी मी धरते."